साडेतीन किलोमीटरचीच वाट आहे, पण ४२५० मीटरवर. दोन दिवस आधी जायलाच लागतं का?

पायपीट_सुरू

मंडळी, नमस्कार. दोनेक वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की पुढच्या महिन्यात आम्ही चौघं डोंगरात जातोय. मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ६८, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत, रोज तासभर चालतात). एक छोटीशी पायवाट मनात भरलीय. गाडी ३६५० मीटरपर्यंत जाते, तिथून पुढे चालत गेलं की एक तळं लागतं आणि तळ्याच्या डोक्यावर खिंड आहे ती ४२५० मीटरवर. एका बाजूने साडेतीन किमी, चढ ६०० मीटरचा, आल्या वाटेनेच परत. फोटोत तरी वाट चांगली मळलेली दिसते, दोर-बिर कुठे लागत नाही, शेवटचा तुकडा तेवढा दगडधोंड्यांचा आहे.

आमचा प्लॅन असा की सकाळचं विमान पकडायचं, उतरलं की गाडी, संध्याकाळपर्यंत थेट ३५०० मीटरवरच्या मुक्कामी, रात्री तिथे झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला सुरुवात. ओळखीच्या एकांनी हे ऐकून कपाळाला हात लावला, म्हणाले आधी दोन दिवस खाली काढा, मगच वर जा. नवरा हाफ मॅरेथॉन पळतो, त्याचं म्हणणं साडेतीन किमी म्हणजे आपली दूध आणायला जायची फेरी, त्यासाठी दोन दिवस कसले घालवायचे. सुट्टी एकूण पाचच दिवसांची आहे आणि त्यातले दोन नुसते बसून घालवायचे म्हणजे जिवावर येतंय हो. खरंच एवढं लागतं का? की लोक उगाच बाऊ करतात? आणि सासूबाईंनी यावं की नाही हेही सांगा, त्या तर माझ्याआधी बूट घालून तयार आहेत.

कड्यावरचा_वारा

प्रश्न अजिबात बावळट नाही, उलट बरं झालं आधी विचारलंत, इथे बहुतेक धागे जाऊन आल्यावरचे असतात.

सगळ्यात आधी ते साडेतीन किमी डोक्यातून काढून टाका. या वाटेवर अंतराचा काही संबंधच नाही. तुमचा प्लॅन वाचताना मला खटकली ती वाट नाहीच, खटकली ती आदली रात्र. सकाळी समुद्रसपाटीवर आणि रात्री ३५०० मीटरवर झोप, हे जरा जास्तच होतंय. उंचीचा त्रास ठरतो तो मुख्यतः रात्री कुठे झोपता यावर, दिवसा कुठवर जाऊन आलात यावर त्यामानाने कमी. एका दिवसात थेट ३५०० च्या वर झोपायला जाणं हे सगळ्या मार्गदर्शक सूचनांमधे जोखमीचं धरतात, मग माणूस कितीही फिट असो.

वर हवेत ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे. प्रमाण तेच, २१ टक्क्यांच्या आसपास, खाली पण आणि एव्हरेस्टवर पण. हवेचा दाब कमी होतो, म्हणून एका श्वासात हाताला लागणारा माल कमी. तुमच्या खिंडीत तो दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के भरेल. वेफर्सचं पाकीट वर नेलंत तर फुग्यासारखं टम्म होतं ते त्यामुळेच. शरीराला याची सवय होते पण ते आपल्या वेळेने होतं, आपल्या सुट्टीच्या हिशोबाने नाही.

तेव्हा दोन दिवस "नुसते बसून" घालवा असं मी म्हणणार नाही, मी म्हणेन मुक्काम हलवा. वाटेत २५०० ते २८०० च्या दरम्यान एखादं राहण्याजोगं गाव असेल तर दोन रात्री तिथे काढा, दिवसा आजूबाजूला फिरा, थोडं वर चढून पुन्हा खाली झोपायला या. तिसऱ्या दिवशी पहाटे गाडीने ३६५० ला, चाला, खिंड बघा आणि रात्री पुन्हा खालीच झोपा. ३५०० चा मुक्काम मी तर पूर्ण कापला असता.

बिनधास्त_७७

मी उलट सांगतो, लोक फार घाबरवतात. आम्ही चौघं मित्र असेच थेट गेलो होतो, पहाटे निघालो गाडीने, ४१०० पर्यंत चालत जाऊन संध्याकाळी खाली परत, कुणाला काहीही झालं नाही, थोडी धाप लागली एवढंच. ज्याचं त्याचं शरीर असतं. प्रत्येक गोष्टीला आधी दवाखाना आठवायचा हे काय खरं नाही. जा बिनधास्त.

स्टेथो_आणि_सॅक

@बिनधास्त, तुम्हाला काही झालं नाही ते बरोबरच आहे, पण का झालं नाही ते बघा. उंचीचा साधा त्रास, म्हणजे डोकं ठणकणं, मळमळ, भूक जाणं, गळून गेल्यासारखं वाटणं, हा बहुतेकांना वर पोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. तुम्ही त्याच्या आत खाली उतरलात. संध्याकाळी खाली येण्याऐवजी तिथेच तंबू ठोकला असता तर चौघांपैकी एखाद्याने तरी रात्र डोकं धरून काढली असती. म्हणजे नकळत का होईना, वारा म्हणतायत तेच तुम्ही केलंत, वर जाऊन खाली झोपलात :)

धागाकर्तीसाठी थोडं (मी डॉक्टर आहे, पण तुमची डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका).

फिटनेसचा आणि या त्रासाचा काही संबंध नाही. पळणाऱ्याचं हृदय-फुफ्फुस चांगलं असतं म्हणून तो भराभर चढतो, आणि भराभर चढतो म्हणूनच कधीकधी जास्त गोत्यात येतो. त्यामुळे घरात सगळ्यात जास्त लक्ष मॅरेथॉनवाल्यावर ठेवा. ते "काही नाही, जरा डोकं जड झालंय" म्हणतील, तेच ऐकायचं असतं.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे लोक जिला डायमॉक्स म्हणतात ती गोळी. मोठ्या माणसांना टाळण्यासाठी साधारणपणे १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात आणि ती चढायच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. ती मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, रक्त जरासं आम्लाकडे झुकतं आणि मग मेंदू आपणहून जास्त श्वास घ्यायला लावतो. म्हणजे त्रास झाकत नाही, सवय व्हायच्याच कामाला हात लावते. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतील, लघवीला जास्त जावं लागेल, फसफसणारं पेय प्यायलात तर चव विचित्र लागेल, हे सगळं अपेक्षित आहे, घाबरायचं नाही. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लेकीचा डोस वजनावर ठरतो, तुमच्या गोळीचा अर्धा तुकडा तिला असलं काही करू नका.

तुम्ही खाली २६०० वगैरेला दोन रात्री झोपून दिवसभरासाठी वर जाणार असाल तर बऱ्याच लोकांना गोळी लागतही नाही.

सासूबाईंना त्यांच्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन आणा. वय हा स्वतः अडसर नाही. बीपी ताब्यात असेल तर पुष्कळ लोक जाऊन येतात, पण वर गेल्यावर सुरुवातीचे दिवस बीपी थोडं चढू शकतं आणि त्यांची गोळी कोणती आहे त्यावरही अवलंबून आहे. छातीत दुखण्याचा, हृदयाचा काही इतिहास असेल तर मात्र उत्तर वेगळं. आणि वर दारू नको, झोपेची गोळी तर नकोच नको, रात्री श्वास तसाही अडखळत चालतो, गोळीने तो अजून मंद होतो.

पायपीट_सुरू

बापरे, एवढं सविस्तर! मनापासून आभार सगळ्यांचे. नवऱ्याला शेवटचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, "घरात सगळ्यात जास्त लक्ष" या वाक्यावर सासूबाई एवढ्या हसल्या की त्याने उठून आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

नकाशा बघितला. वाटेत २६०० वर एक गाव आहे, तिथून गाडीने वाटेच्या सुरुवातीपर्यंत दोन तास. मग वर म्हटल्यासारखं करतो, दोन रात्री गावात, तिसऱ्या दिवशी पहाटे निघायचं. आता पुढचा प्रश्न, किती वेळ धरायचा? नवरा म्हणतो वर जायला सव्वा तास. आणि सकाळी किती वाजता सुरुवात करावी, ऊन येऊ दिलं तर चालेल का, कारण लेक पहाटे उठली की दिवसभर कुरकुर करते.

घसारा_आणि_मी

सव्वा तास :D

१८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा हिशोब घालून दिला होता, तो अजून वापरतात: सपाटीला ताशी ५ किमी आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. तुमच्या वाटेला लावा. साडेतीन किमीची ४२ मिनिटं अधिक चढाचा एक तास, झाले पावणेदोन तास, आणि हा हिशोब धडधाकट माणसाचा, कमी उंचीवरचा, न थांबता. ४००० च्या आसपास मी तो सरळ दुपटीच्या जवळ नेतो. तुम्ही वर तीन ते साडेतीन तास आणि उतरायला दोन धरा. मुलगी आहे, फोटो आहेत, दर वळणावर कुणाच्यातरी बुटात खडा जातो.

आणि चालायचं कसं ते सांगतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिली वीस मिनिटं लाज वाटेल इतकं हळू. मागून येणारे पुढे जाऊ देत. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांत दम तुटला की वेग जास्त आहे. चढ उभा झाला की मागचा पाय गुडघ्यात सरळ करून त्याच्यावर भार टाकून क्षणभर थांबायचं, मग पुढचं पाऊल. क्षणभरच, पण तेवढ्यात मांडीला उसंत मिळते. पोरं हमखास पळतात आणि बसतात, पळतात आणि बसतात, तिला सगळ्यात पुढे ठेवा आणि सांगा की तू म्हातारीच्या चालीने चालून दाखव, खेळ म्हणून. (सासूबाईंसमोर नका सांगू.)

आता एक माझ्याच घरातला प्रसंग. वर बिनधास्त म्हणाले ना की लोक घाबरवतात, म्हणून लिहितोय. मी आणि माझा चुलतभाऊ, वाट तुमच्यासारखीच छोटी, पण मुक्काम ३९०० वर, आणि आम्ही थेट गेलेलो. पहिल्या रात्री दोघांचीही डोकी दुखली, गोळी खाल्ली, झोपलो. दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही, म्हणाला भूक नाही, आम्ही म्हटलं बरं, वर भूक मरतेच. तिसऱ्या दिवशी सकाळी सॅक बांधताना बघतो तर हा उजव्या हातात डावा हातमोजा घालायचा प्रयत्न करतोय. अंगठ्याची जागा उलटी येतेय, काढतोय, पुन्हा तोच घालतोय. चार वेळा. आम्ही हसलो. खरंच हसलो, त्याची नक्कल पण केली. मग सोबतच्या वाटाड्याने त्याला जमिनीवर एक रेघ मारून दिली आणि सांगितलं यावरून चाल, टाचेला चवडा लावून, दारूड्यांना चालवतात तसं. तिसऱ्या पावलाला हा बाजूला कलंडला. वाटाड्याने तोंडातून अक्षर न काढता त्याची सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली आणि आम्ही सरळ खाली निघालो, दोघांनी दोन बाजूंनी धरून. हजारेक मीटर उतरल्यावर त्याने विचारलं आपण खाली का चाललोय. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मेंदूला सूज यायला लागली होती असं दवाखान्यात सांगितलं, ऑक्सिजन आणि इंजेक्शनवर दोन दिवसांत बरा झाला. ती सकाळ त्याला आजही आठवत नाही.

त्यामुळे डोकं दुखतंय तर तिथल्या तिथे थांबा, अजून वर चढू नका. वाढत चाललंय तर उतरा. आणि तोल जातोय, बोलणं गोंधळतंय, किंवा बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाहीये, तर कुणाचं मत न विचारता त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. आणि त्या माणसाला एकट्याला कधीच पाठवायचं नाही.

स्टेथो_आणि_सॅक

+१. बसल्या जागी धाप म्हणजे फुफ्फुसात पाणी होतंय असं धरून चालायचं, त्यात तर अंगमेहनतही कमीत कमी, शक्य तर धरून नाही, उचलून खाली. आणि वाटाड्याला माझा सलाम. ती रेघेवरची चाचणी आम्हीही तशीच घेतो.

ढगफुटका

सगळे उंचीवरच बोलतायत, मी आभाळावर बोलतो. लेक कुरकुर करेल तर करू दे, पण पहाटेच निघा. उजाडता उजाडता पायवाटेवर असायला हवं. डोंगरात सकाळ निरभ्र असते, ऊन चढलं की दरीतली हवा तापून वर सरकते, दुपारपर्यंत त्याचे ढग होतात आणि मग गडगडाट. खिंड म्हणजे आजूबाजूचा सगळ्यात उघडा भाग, विजेच्या वेळी तिथे असण्यासारखा मूर्खपणा नाही. घरून निघतानाच परतीची वेळ ठरवा, मी सहसा ११ धरतो, ११ वाजता जिथे असाल तिथून वळायचं. खिंड समोर वीस मिनिटांवर दिसत असेल तरीही. हे घरी बसून सोपं वाटतं, तिथे फार जड जातं, म्हणून आधी सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे. आवाज साधारण तीन सेकंदात एक किमी येतो. तीस मोजायच्या आत आला तर वीज १० किमीच्या आत आहे, तेवढं पुरे, खाली निघा. एकटं झाड, कड्याखालचा उथळ कोनाडा, दोन्ही ठिकाणी आसरा घेऊ नका. गाडीत पोचलात की सुरक्षित, काचा वर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा उघड्यावर यायचं नाही.

थंडीचं म्हणाल तर प्रत्येक हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं, म्हणजे गाव आणि खिंड यात दहाएक अंशांचा फरक, वर वारा वेगळाच. गाडीतून उतरल्यावर जाड जाकीट घालून चालायला लागू नका, दहा मिनिटांत घामाने आतून भिजाल आणि खिंडीत वाऱ्याला उभे राहिलात की तोच घाम बर्फासारखा लागतो. सुरुवातीला थोडी थंडी वाजलीच पाहिजे. जाकीट सॅकमधे सगळ्यात वर ठेवा, थांबलात की लगेच घाला.

ऊन मात्र थंडीत कळत नाही. अतिनील किरणं दर हजार मीटरला दहाएक टक्क्यांनी वाढतात, वाटेत बर्फ असेल तर खालूनही तेवढाच मारा. मला एकदा हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजलं होतं, आठवडाभर शिंक आली की डोळ्यात पाणी. क्रीम तिथेही लावा. आणि गॉगल लेकीलाही हवा, खेळण्यातला नाही, खरा.

बिनधास्त_७७

@घसारा, हातमोज्याचं वाचून अंगावर काटा आला राव. मागे घेतो, "जा बिनधास्त" ऐवजी "दोन रात्री खाली झोपून जा बिनधास्त" असं वाचावे.

बाकी माझ्याकडून एकच, उतरायच्या आधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी पुन्हा आवळा आणि आदल्या रात्री पायाची नखं कापा. आम्हाला चढताना काही झालं नाही, उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आपटून माझी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, चार महिन्यांनी गळाली.

पायपीट_सुरू

नखं आजच कापायला घेतली आहेत सगळ्यांची :)

डॉक्टरांकडे जाऊन आलो. सासूबाईंना ते म्हणाले तळ्यापर्यंत हळूहळू जा, खिंडीचा हट्ट नको. तळं ४००० च्या थोडं खाली आहे. त्यांनी लगेच ठरवून टाकलं की मी तळ्यावर बसणार आणि तुम्ही वर जाऊन या. पण त्यांना तिथे एकटीला सोडायचं का, यावर घरात दोन दिवस चर्चा चालू आहे. आणि नवऱ्याने बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर मागवलंय, दर तासाला सगळ्यांचं मोजणार म्हणतोय. कितीच्या खाली गेलं की परत फिरायचं?

स्टेथो_आणि_सॅक

आकड्यावर परत फिरायचं ठरवू नका. नवख्या माणसाचं ४००० ला ८५ च्या आसपास येणं काही नवल नाही, खाली तोच आकडा बघितला असता तर मी धावत आले असते. त्यात बोटं गार पडली किंवा नेलपॉलिश असली की यंत्र काहीही दाखवतं. चौघांपैकी एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा फारच खाली असेल तर त्याच्याकडे नीट बघा, हात चोळून गरम करून पुन्हा मोजा. पण आकडा ९० आहे आणि डोकं फुटतंय, तर डोक्याचं ऐकायचं. मला विचाराल तर यंत्र गाडीतच ठेवा, नाहीतर अख्खी वाट तुम्ही बोटांकडे बघत चालाल.

कड्यावरचा_वारा

एकटीला सोडू नका. हवा बदलली, धुकं उतरलं किंवा त्यांनाच बरं वाटेनासं झालं तर तुम्ही दोन तास लांब असाल आणि तिथे फोनला रेंज असेलच असं नाही. एक मोठं माणूस त्यांच्याजवळ थांबू दे, आणि दोघं वर जाऊन आली की अदलाबदल. वेळ उरला तर. ११ ची अट सगळ्यांनाच लागू आहे.

पायपीट_सुरू

ठरलं मग. पहिली पाळी माझी आणि लेकीची. नवरा तळ्यावर सासूबाईंजवळ थांबणार, हे त्याला अजून सांगायचंय.